भगताचा उपास

उर्मिलाताईंच्या हातातली झांज वाजली आणि पेणकरपाड्याच्या देवळात तो तांबडा कुत्रा आला. रोजच्यासारखाच चपलांच्या ढिगातून वाट काढत थेट त्यांच्यासमोर येऊन बसला.

"आला बघा आपला भगत!" कीर्तनाला उभे असलेले हरिश्चंद्रबुवा चिपळ्या थांबवून म्हणाले. "पोटासाठी येणारे पुष्कळ. ह्याला इथं तुकडा मिळत नाही, तरी झांज ऐकली की धावत येतो! मंडळी, ह्याला म्हणतात निष्काम भक्ती!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. उर्मिलाताईंची मान खाली गेली.

बुवांच्या कीर्तनासाठी त्या पूनम सागर वसाहतीतून चालत यायच्या; एक शब्द सांडू द्यायच्या नाहीत. आज मात्र शब्दन् शब्द टोचत होता. त्यांची लेक सुरुची मानसशास्त्र शिकत होती. जनावरं कशी शिकतात, ह्यावर तिचा प्रकल्प होता. दोन महिने तिनं बिल्डिंगच्या गेटवर आईची हीच झांज वाजवून ह्याच कुत्र्याला बिस्किटं घातली होती. आता बिस्किटं बंद, झांज चालू; देवळातलीही त्यात धरलेली. तो किती दिवस आशेनं येतो, ते वहीत टिपायचं. आज सतरावा दिवस.

"आई, झांजेनंतर कोणी काही खायला घातलं ना, तर सगळं फुकट जाईल हं. सोमवारी वही द्यायचीय," असं निघताना तिनं दोनदा बजावलं होतं.

कीर्तनाचा शेवटचा दिवस, म्हणून शिरा होता. नैवेद्य दाखवून झाला तशी देवळाची झाडलोट करणारी सरूबाई द्रोण घेऊन कुत्र्यापाशी वाकली.

"खा रं माझ्या राजा."

"नका देऊ!" उर्मिलाताईंच्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. "त्याचा... त्याचा गुरुवार असतो."

"अगो बाय! कुत्र्याचा उपास हाय?"

सरूबाईनं द्रोण मागं घेतला. आरतीच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन त्याच्या कपाळाला लावलं आणि चक्क त्याच्या पाया पडली. मागच्या दोघीतिघीही उठल्या. उर्मिलाताईंना देवाकडे बघवेना.

"ताई, झांज!" बुवांनी आरती धरली.

त्यांनी झांज वाजवली. सगळ्यांचे डोळे देवाकडे, कुत्र्याचे त्यांच्या हाताकडे. ठोक्याठोक्याला तो बोटभर पुढे सरकत होता. लाळेचा थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. शेपूट हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती.

अर्ध्या आरतीत उर्मिलाताईंनी झांज खाली ठेवली. सरूबाईच्या हातातला द्रोण ओढून घेतला आणि कुत्र्यापुढे ठेवला.

"अवो ताई, उपास मोडंल ना त्याचा!"

"त्यानं धरला नव्हता, सरूबाई," त्या म्हणाल्या. "आम्ही घडवला होता."

कुत्र्यानं द्रोण चाटूनपुसून साफ केला. मग एकदाही मागे न बघता, कपाळावरच्या कुंकवासकट, पायऱ्या उतरून निघून गेला.

आरती अजून चालू होती.