पाहुण्याची शिकवणी

"ओरड," ती म्हणाली. "असं नाही. हे तर मांजर हाकलल्यासारखं झालं. पोटातून ओरड."

तो दुरुस्तीला आलेल्या खुर्चीची गादी उसवत बसला होता. त्याने घसा खाकरला. "अगं, कुठे मेलीस?" म्हणाला, आणि लगेच विचारलं, "अहो, जास्त झालं का?"

"पुन्हा 'अहो'! तपासनीस बाईंसमोर असं म्हणालास की संपलंच. बायकोला कोण अहो म्हणतं?"

"तुम्ही त्यांना म्हणायचात ना?"

"मी नवऱ्याला म्हणायचे. त्याने मला म्हणायचं नसतं."

"का?"

"ते सोड. पुन्हा ओरड."

तपासणी दुपारी होती. तक्रार नणंदेने केली होती. दोन गल्ल्या सोडून राहणारी नणंद एका सकाळी आली, तर भाऊ बायकोसाठी चहा गाळत होता. ती दारातूनच म्हणाली, "हा माझा भाऊ नव्हे. माझ्या भावाला घरात चहाचं पातेलं कुठे असतं ते ठाऊक नाही. आत दुसरंच कोणीतरी बसलंय." आणि आल्या पावली कचेरीत गेली.

पाहुण्यांबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आकाशापलीकडून कुठून तरी आलेली ती मनं. ना हात, ना पाय, ना तोंड. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी माणसात शिरायची आणि मूळ मालकाला तळाशी झोपवून ठेवायची. कुणी म्हणे ती फार गोड बोलतात, कुणी म्हणे रडतात. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. एवढं मात्र खरं, की तपासनीस आपल्या यंत्राने पाहुण्याला हुसकावत, आणि मग तळातला मालक वर येई.

तेच तिला नको होतं.

उन्हाळ्यात नवऱ्याला तापाने घेरलं होतं. ताप उतरला त्या सकाळी त्याने डोळे उघडले, तेव्हा ती वाकून कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. एका हाताने पट्टी, आणि दुसरा हात सवयीने गालापुढे धरलेला, ढाल धरावी तसा. तो कितीतरी वेळ त्या हाताकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "अहो, थोडं पाणी मिळेल का?"

तिच्या लक्षात आलं. "कोण आहेस तू?"

त्याने पुन्हा तिच्या त्या हाताकडे पाहिलं. "पाहुणा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून घराला घरपण आलं. ती त्याला बिनधास्त अरेतुरे करी. तो भांडी घासे, तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐके. कामात सुरुवातीला चाचपडला, पण मग एक दिवस खिळे ओठांत धरून हातोडी चालवताना दिसला. "हे कुणी शिकवलं?" तिने विचारलं. खिळे हातावर काढून तो म्हणाला, "ओठांना आठवत असेल."

आज मात्र दोघांचंही कामात लक्ष नव्हतं.

"माझ्या पोटात नुसता गोळा आलाय," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे जाऊ या?"

एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं. "असलं काही बाईंना विचारू नकोस."

"आणखी काय करायचे ते? सांगा, म्हणजे चुकणार नाही."

"ताट भिरकवायचा. माझं बोट दारात चेंगरलं होतं, तर दार उघडायच्या आधी मला बावळट म्हणाला. आणि नंतर जेवायला बसला."

उसवणारा हात थांबला. "आणि ते परत आले तर?"

"पिशवी भरून ठेवलीय. बहिणीकडे जाईन. त्याच्या सावलीतसुद्धा उभी राहणार नाही मी."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा टाके उसवू लागला.

तपासनीस बाई जिना चढून धापा टाकत आल्या. वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी बशीएवढं एक यंत्र त्याच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "नेहमीसारखं बोला, वागा."

त्याने मान वळवली. "अगं, बाईंना पाणी कोण देणार? तिथे मढ्यासारखी काय उभी राहिलीस?"

इतकं हुबेहूब, की तिचा हात आपोआप गालाकडे गेला.

ते त्याने पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "मीच आणतो."

बाईंनी यंत्र काढून पिशवीत ठेवलं, पाणी प्यायल्या आणि तिला खुणेने जिन्यात बोलावलं. आत हातोडी सुरू झाली.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "आत एकच जण आहे. तुमचे यजमान."

तिने कठडा धरला. "म्हणजे तुम्ही त्याला आत्ताच हुसकावलंत?"

"मी कशाला हुसकावू? तापात एक येऊन गेलाय, त्याची पुसटशी खूण दिसते. ताप उतरायच्या आधीच गेला तो."

"नाही हो." तिला आता कशाचीच पर्वा राहिली नव्हती. "आहे तो. तुमचं यंत्र चुकतंय. रोज बोलतो माझ्याशी."

आतली हातोडी थांबली.

बाईंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "कसं शक्य आहे, ताई? उभा जन्म या कामात गेला माझा. पाहुणे बोलत नाहीत. आजवर एकही बोललेला नाही."