बावीस मिलिमीटर

शर्मिष्ठाच्या जिवाणू वाढवलेल्या प्लेटमध्ये आज पुन्हा बावीस मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं.

"अनू, बघ ना यार! वर्तुळात एक जिवाणू शिल्लक नाही!"

"झकास गं," अनुपमा म्हणाली. पोटात मात्र दुखायला लागलं होतं.

गळवाच्या पुवातले जिवाणू झाडपाल्याने मरतात का, हे तपासायची कल्पना मुळात अनुपमाची. घाटकोपरला तिची आई गळू झालं की निर्गुंडीचा पाला उकळून त्या पाण्याने धुवायची. तसाच पाण्यातला काढा अनुपमाने मुलुंडच्या कॉलेजात आणला. त्याचं वर्तुळ अकराच्या पुढे काही सरकेना. शर्मिष्ठा मागाहून आली, अडुळशाचा पाला स्पिरिटमध्ये भिजवला आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मोकळी झाली. वर सगळ्यांची लाडकी!

पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती दोघींत एकच होती. ती हुकली तर जूनपासून अनुपमाला अंधेरीच्या कॉल सेंटरमध्ये बसावं लागणार होतं. घरी तसं ठरलंच होतं.

"शेवटची चाचणी उद्या," प्रयोगशाळेच्या वसुधा मॅडम म्हणाल्या. "निकाल परवा. मोठं वर्तुळ, त्याची शिष्यवृत्ती."

मॅडमचा एक नियम होता. आपला अर्क आपण भरायचा नाही. जोडीदाराने प्लेटमधल्या जेलीला पाडलेल्या एका भोकात अर्क भरायचा, दुसऱ्यात तुलनेसाठी साधं पाणी, आणि निकालानंतर वहीत तसं लिहून सही करायची. लबाडी नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी शर्मिष्ठाची प्लेट भरायला अनुपमाच बसली. शर्मिष्ठा डबा खायला गेली होती. अनुपमाने तिचा अर्क बेसिनमध्ये ओतला. बाटली धुतली. वास तोच यावा म्हणून स्पिरिट घातलं, रंग तोच यावा म्हणून चार थेंब कोरा चहा. तेच प्लेटच्या भोकात भरलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

"भरलीस?" शर्मिष्ठाने येऊन विचारलं.

"भरली. घाबरतेस काय?"

तिसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा टेबलावर आल्या. मॅडमनी आधी अनुपमाची मोजली.

"अकरा."

मग शर्मिष्ठाची. अनुपमाने चेहरा आधीच हळहळल्यासारखा करून ठेवला होता.

"बावीस! वा गं पोरी!"

शर्मिष्ठाने आनंदाने अनुपमालाच मिठी मारली. अनुपमा त्या स्वच्छ वर्तुळाकडे बघत राहिली. अडुळशाचा एक थेंब नसताना बावीस. म्हणजे इतके महिने जिवाणू मारत होतं ते नुसतं स्पिरिट. अडुळसा नव्हेच. आणि साध्या पाण्याच्या भोकाभोवती तर कधीच वर्तुळ उमटलं नव्हतं. या खोलीत खरं औषध एकच होतं, तिच्या आईच्या निर्गुंडीचं पाणी.

"मॅडम..." ती म्हणाली.

"हां, तुझी सही राहिली." मॅडमनी वही पुढे सरकवली. "लिही, अडुळशाचाच अर्क होता, मी स्वतः भरला."

अनुपमाने लिहिलं आणि खाली सही केली.