सरकता उतार

“बाबा, ही झाडं बघा. खाली सरकतायत!”

शाल्मलीने कॅमेऱ्याचा पडदा वडिलांपुढे धरला. पावसाने उघडीप दिली म्हणून ढगांचा टाइमलॅप्स करायला दोघं सकाळीच जड बॅगा घेऊन पठारावर चढले होते. थोड्याथोड्या वेळाने काढलेले फोटो आता भराभर पळत होते आणि समोरच्या उतारावरची झाडं, कुणी ओढत असल्यासारखी, पायथ्याच्या वाडीकडे येत होती.

“ट्रायपॉड हलला असेल,” बाबा म्हणाले.

“मग पायथ्याचं देऊळही हललं असतं. ते जागच्या जागी आहे.”

बाबांनी पडदा जवळ घेऊन पुन्हा पाहिला. ट्रायपॉड, बॅगा तिथेच टाकून दोघं निसरड्या वाटेने धावत वाडीत उतरले. पहिल्याच घरात द्वारकाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांना पटेना. “डोंगर कुठं चालतो व्हय?” शाल्मलीने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. आपल्या परसामागचा फणस सरकताना बघून त्या ताडकन उठल्या आणि घरोघर हाका मारत सुटल्या.

म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन सगळे ओढ्यापलीकडे पोचतात तोच मागे प्रचंड गडगडाट झाला. वळून पाहिलं, तर अर्धी वाडी चिखलाखाली गेली होती.

द्वारकाबाईंनी एकेकाला हात लावून माणसं मोजली. सगळी होती. मग शाल्मलीजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, “पोरी, ते परत दाखव. त्यात माझं घर अजून उभं हाय.”