डबा वाजतोय

डब्यात काहीतरी वाजलं.

ताईने तो दोन्ही हातांनी पुन्हा तिरका केला आणि कान जवळ नेला. खुळ्. अगदी बारीक, पण होतं.

"प्लास्टिकचा तुकडा असेल," धाकटा म्हणाला.

झाकणाभोवतीचं सिलिकॉन अजून ओलं होतं. सकाळपर्यंत ते सुकलं की बॅटरीचा हा डबा पाण्यावर चालणाऱ्या फळीत बसणार होता. मोटर सुरू झाली की फळी तलावावरून धावणार, वेग आला की खालच्या पंखांवर हातभर वर उचलली जाणार, आणि धाकटा तिच्यावर उभा राहून पलीकडच्या काठाला वळसा घालून परत येणार. तसं झालं तर तलावावरचे क्लबवाले त्याला इतरांना फळी चालवायला शिकवायच्या कामावर घेणार होते. या एका फेरीसाठी बहीणभावाने एकेक सेल तपासून, ते धातूच्या पट्ट्यांनी जोडून ही बॅटरी उभी केली होती.

"आणि प्लास्टिक नसेल तर?"

"ताई, आता उघडलं तर परत सुकायला उद्याची दुपार होईल."

"होऊ दे. तलाव कुठे पळून जातोय?"

"तलाव नाही. काम जाईल पळून."

आई चहा घेऊन आली. तिने कप टेबलावर ठेवले. जाता जाता ताईला म्हणाली, "तुझं कानातलं लोंबतंय बघ."

"नंतर, आई."

दाराशी एक काचेची बरणी होती. बॅटरीला हात लावायच्या आधी अंगठी, बांगड्या, घड्याळ, सगळं त्या बरणीत टाकायचं, हा ताईचा नियम. धाकटा एकदोनदा विसरला तेव्हा तिने त्याची चांगलीच हजेरी घेतली होती. आताही तिची नजर आधी त्याच्या बोटांकडे गेली.

"अंगठी कुठाय तुझी?"

"बरणीत. विश्वास नसेल तर बघून ये."

ती खरंच बघून आली. अंगठी होती. धाकट्याने राग गिळला.

"वाजणाऱ्या डब्यावर मी तुला उभं करणार नाही," ती म्हणाली. "धातूचा कण जरी दोन पट्ट्यांना टेकला तरी पायाखाली पेट घेईल. आणि तू असशील तलावाच्या मधोमध."

धाकट्याने स्वतः एकदा डबा तिरका केला. खुळ्. मग त्याने फोन लावला. "उद्या सकाळी जमणार नाही," तो क्लबवाल्याला म्हणाला, आणि पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिला. "बरं. ठीक आहे."

फोन खिशात गेला. "दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत. दे ते कटर."

सिलिकॉन कापून झाकण निघालं. ताईने वरचा कागद उचलला आणि टॉर्च मारला. कडेच्या रांगेत, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकलं. एका पट्टीला ते टेकलेलंच होतं. तिने प्लास्टिकच्या चिमट्याने ते अलगद उचललं आणि तळहातावर घेतलं.

कानातल्याची फिरकी होती ती.

तिचा हात आपसूक कानाकडे गेला. कानातलं नुसत्या दांडीवर लटकत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगठी झाली, बांगड्या झाल्या, घड्याळ झालं. कान मात्र तिच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

"बोल ना," ती म्हणाली. "झाप मला."

धाकटा बरणी घेऊन आला आणि तिच्यापुढे धरली. तिची बोटं सिलिकॉनने चिकट झाली होती. शेवटी त्यानेच तिचं एक कानातलं काढलं, मग दुसरं, आणि बरणीत टाकलं. आई कप न्यायला आली होती. दोघांकडे पाहून ती गार झालेला चहा परत गरम करायला घेऊन गेली.

धाकट्याने उघडी बॅटरी डब्यातून उचलली आणि ताईच्या मोकळ्या कानाशी नेऊन हलवली.

"वाजतंय?"

ती डोळे मिटून ऐकत होती.

"अजून एकदा हलव," ती म्हणाली.