फ्लोरिडाची पाचशे मतं

कॉव्हेंट्रीच्या डॉक्टर शशींचा सगळा राग फ्लोरिडावर. इराकच्या युद्धात, बसऱ्याला मारल्या गेलेल्या मुलाच्या, अनिशच्या श्राद्धालाही, वरण वाढता वाढता त्यांनी पाहुण्यांना तेच ऐकवलं. "दोन हजार साली तिथे पाचशे-सहाशे मतं जास्त पडली असती, तर गोर अमेरिकेचा अध्यक्ष झाला असता. मग कसलं इराक नि कसलं युद्ध! आमचा अनिश आज इथे जेवत असता."

त्यांच्या बायकोने, उल्काने, भाताचं भांडं टेबलावर आपटलं. "अमेरिकेची मतं मोजता, अहो, आपल्या घरची मोजा ना! त्याला ब्रिटिश आर्मीत जायचं होतं, मी नको म्हणत होते. दोघंही तुमच्या तोंडाकडे बघत होतो."

शशींचा डाव वरणातच राहिला.

"आणि तुम्ही बातम्यांवरून नजर न काढता म्हणालात, तुमचं तुम्ही ठरवा, मी यात पडत नाही."