नेरमीनचा माईक

गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नेरमीन सगळं पाटीवर लिहूनच सांगत होती. आवाज परत येईलच असं डॉक्टर म्हणाले नव्हते. इस्तंबूलच्या किनाऱ्याची सफर घडवणाऱ्या यॉटवर नवरा जेलाल सुकाणू धरायचा आणि प्रवाशांना माहिती सांगायची ती नेरमीन. आज ती हट्टानं चढली. दोल्माबाहचे नावाचा राजवाडा आला, तिनं माईक उचलला, ओठ हलले, आवाज फुटेना. प्रवासी एकमेकांकडे बघू लागले. जेलालला तिचा चेहरा बघवेना. राजवाडा लवकर मागे पडावा म्हणून त्यानं वेग वाढवला. तोच कर्णे खरखरले. “जेलाल, वाघ मागे लागलाय का? सुलतानाचा राजवाडा आहे, जरा हळू घे ना!” आवाज घोगरा होता, पण तिचाच होता. प्रवासी हसले. जेलालनं इंजिन पार मंद केलं आणि डोळे पुसत ओरडला, “बोल बाई, बोल! यॉट संध्याकाळपर्यंत इथेच उभी ठेवतो!”