भाजलेला चेहरा

पहिल्याच ठोशात जावयाचा ओठ फाटला. दुसऱ्याला चष्मा उडाला. तिसऱ्याला तो स्वयंपाकघराच्या दारावर आदळून खाली बसला. म्हाताऱ्याने चौतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात वितळलेलं लोखंड सांभाळलं होतं. तो भडकला की दोन गडी लागत त्याला आवरायला, आणि इथे आवरणारं कुणी नव्हतं.

तो न कळवता लेकीला भेटायला आला होता. तिने दार उघडलं आणि झटकन तोंड फिरवलं. त्याने हनुवटी धरून ते उजेडाकडे वळवलं. नाकावर, गालांवर लालबुंद फोड, काही तर चिघळलेले. "काही नाही हो बाबा, उन्हाचं आहे," म्हणत ती आतल्या खोलीत पळाली. म्हणे ऊन! लोखंडाचे थेंब उडून भाजलेली तोंडं त्याने जन्मभर पाहिली होती. त्याला कोण शिकवणार? जावई म्हणजे गरीब गाय, असं तो चारचौघांत सांगत आला होता. त्या गाईची ही करणी!

"काय ओतलंस तिच्या तोंडावर? तेल?"

जावई गप्प. त्या गप्प बसण्यानेच म्हाताऱ्याचं डोकं आणखी फिरलं. निर्दोष माणूस निदान बोंब तरी मारतो. त्याने कॉलर धरून जावयाला उभं केलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा.

"बाबा, सोडा त्यांना!" लेक धावत आली. हातात गोळ्यांची पट्टी होती. "हे या गोळ्यांनी उठलंय. आईला झाला होता तोच झालाय मला, फुप्फुसाचा कॅन्सर. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ मीच घातली होती यांना."

म्हाताऱ्याची मूठ हवेतच राहिली. कॉलर सुटली आणि जावई भिंतीला टेकून खाली घसरला.

"औषध असं तोंड जाळतं?"

"कॅन्सरच्या पेशीतलं जे प्रथिन हेरून ही गोळी नेम धरते, ते थोडं कातडीतही असतं. म्हणून मार तिथेही बसतो."

भिंतीला धरून जावई उठला. तोंडातलं रक्त त्याने बाहीला पुसलं.

"डॉक्टर म्हणाले होते, पुरळ उठलं तर समजा, गोळी बहुतेक लागू पडतेय. दहा दिवस रोज सकाळी हिला खिडकीत बसवून चेहरा तपासत होतो. अकराव्या दिवशी पहिला फोड दिसला आणि आम्ही दोघं नाचलो, बाबा."